घाटावर, घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात माणूस नवा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला : घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा. खाली काळी सपाट जमीन आणि तिच्यातून सरळ गेलेली मुंबई-नागपूर रेल्वे. वर रेल्वे नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण वर आहे, म्हणून त्यालाही नाही.

रेल्वे आणि ट्रक यांच्या चढाओढीवर सरकारने कायदे केले, समित्या नेमल्या, परवाने छापले. त्या कागदांचा गठ्ठा काखेत मारून राजूर घाट चढायला लागलो की निम्म्या वाटेतच मनात येते, वर गेल्यावर यातला कुठला कागद लागणार? कुस्तीचे नियम आहेत, पंच आहे, आखाडा खणलेला आहे. फक्त एक पैलवान कधी घाट चढलाच नाही.

*

रेल्वेने पहिली कुस्ती ट्रकशी नव्हे, बैलाशी खेळली.

वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. लमाणांचे तांडे जाताना कापूस, धान्य नेत आणि येताना मीठ आणत. ‘परतीचे भाडे’ ही ट्रकवाल्याची आजची सगळ्यात मोठी काळजी. ती तांड्याच्या नाईकालाही असणार. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि तांड्यांचा धंदा बसला. त्यांच्यासाठी कोणी समिती नेमली नाही. ‘अनिष्ट स्पर्धा’ हा शब्द सरकारला तेव्हा सुचला नव्हता. तो सुचायला रेल्वेचे पोट दुखावे लागले.

मेहकर-लोणार भागातून जाताना तांड्यांची वस्ती दिसते. आता त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरापुढे बैलाऐवजी ट्रक किंवा पिकअप उभी असते. वाहतूक त्यांच्याकडे परत आली. मधे शंभर वर्षे गेली, एवढेच.

*

जलंब ते खामगाव, आठ मैल. आजच्या मापात तेरा किलोमीटर. मुख्य रेल्वे खामगावला बगल देऊन गेली, म्हणून कापसाच्या बाजारासाठी सरकारी पैशातून हा फाटा टाकला : खामगाव स्टेट रेल्वे. १८७० मध्ये उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! कारण साधे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचे वांधे झाले होते, आणि खामगाव ही वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ होती. त्या वेळच्या कापूस कमिशनराने, रिव्हेट-कार्नॅकने, या पेठेचा ध्यासच घेतला होता.

फाटा आजही तेवढाच आहे. गाडी जलंबहून निघते आणि खामगावला संपते. गिरणीला लागतो तेवढाच रूळ टाकला. खामगावच्या पुढे घाट, आणि घाटावरचा माणूस लँकेशायरला काही विकत नव्हता.

*

जुन्या रेल्वे कंपन्यांना सरकारची पाच टक्क्यांची हमी होती. नफा झाला तर त्यात कंपनीचा वाटा. कमी पडला तर पाच टक्क्यांपर्यंतची भर सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या खिशातून. ‘रेल्वे आणि मोटार यांना समान नियम हवेत’ असे म्हणणाऱ्याने हे आधी आठवावे. एकाला जन्मतःच गुटी मिळाली होती. दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून कर.

पुढे १९२५ मध्ये जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा, कारभार सरकारने आपल्याच हातात घेतला. तिथून पंच आणि खेळाडू एकच झाले.

*

रस्त्यांच्या बाजूने बोलणारी पहिली मोठी समिती एका मराठी माणसाची. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९२७ मध्ये नेमली, १९२८ मध्ये अहवाल. म्हणणे असे : मोटारी वाढणार, रस्ते बांधणे जिल्हा बोर्डांच्या आवाक्यात राहिलेले नाही, तेव्हा पेट्रोलवर कर बसवा आणि तो पैसा रस्त्यावरच खर्चा. १९२९ मध्ये तसा निधी उभा राहिला. गॅलनमागे दोन आणे.

आज डिझेल भरताना लिटरमागे रस्त्याचा सेस जातो, वर फास्टॅगमधून टोल कटतो. ट्रकवाला म्हणतो, एकाच रस्त्याचे दोनदा पैसे. जयकरांचे दोन आणे आठवले की वाटते, कल्पना चांगली होती. तिला पोरे फार झाली.

*

१९२९ नंतरची मंदी. मालाचे भाव पडले, रेल्वेचे उत्पन्न घटले, आणि त्याच वेळी रेल्वेच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या. चौकशीला मिचेल आणि कर्कनेस हे दोन अधिकारी नेमले गेले. त्यांचा अहवाल आणि सिमल्याची रस्ते-रेल्वे परिषद, दोन्ही १९३३ मधली. मग वेजवुड समिती. मग १९३९ चा मोटार वाहन कायदा.

ही काही हिंदुस्थानची एकट्याची गोष्ट नव्हे. ब्रिटनने असाच कायदा १९३३ मध्ये केला, अमेरिकेने ट्रक सरकारी नियमांखाली आणले १९३५ मध्ये. सगळीकडे तेच घडले : आधी रेल्वे मक्तेदार म्हणून तिला वेसण घातली, नंतर तिला प्रतिस्पर्धी मिळाला तर त्यालाही वेसण घातली. मक्तेदाराची वेसण काढावी, हे सुचायला अमेरिकेला १९८० उजाडले. त्या एका वर्षात तिथे ट्रक आणि रेल्वे दोघांनाही मोकळे केले.

आपण १९८८ मध्ये ट्रक मोकळा केला. रेल्वेचे काय करायचे ते अजून ठरते आहे.

*

परवाना हा शब्द १९३९ ने ट्रकच्या काचेवर चिकटवला. परवाना हवा तर अर्ज करा. अर्जावर हरकती येणार. त्या मार्गावर आधीच वाहतूक करणाऱ्यांना हरकत घेता येई, आणि त्यांत रेल्वेही आली. म्हणजे नव्या किराणा दुकानाचा परवाना द्यावा की नाही, हे गावातल्या जुन्या वाण्याला विचारून ठरवायचे.

*

कंपास घेऊन बसलो. १९४५ मध्ये सरकारने रस्ते-रेल्वे समन्वयाची आचारसंहिता काढली. तिचे सार असे : पंचाहत्तर मैलांच्या आत ट्रकला फारशी आडकाठी नको, त्यापुढच्या मालावर रेल्वेचा हक्क पहिला. रेल्वेला तो झेपत नसेल तरच ट्रक.

पंचाहत्तर मैल म्हणजे एकशेवीस किलोमीटर. नकाशावर टोक खामगावात रोवले आणि वर्तुळ फिरवले. अकोला आत. भुसावळ आत. बुलढाणा, चिखली, मेहकर आत. अमरावती थोडक्यात बाहेर. औरंगाबाद बाहेर. आणि जालना? पेन्सिलीच्या रेघेवर.

आता गंमत बघा. अमरावतीला रेल्वेने जाता येते, तेव्हा तिथे ट्रक अडवणे एक वेळ समजू. औरंगाबादला मात्र खामगावहून रेल्वेने माल न्यायचा तर आधी उलटे जलंब, मग भुसावळ, मग मनमाड; तिथे माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा, कारण पुढे निजामाची लहान रुळांची गाडी. रस्त्याने सरळ घाट चढून गेले की एका रात्रीचे काम.

वर्तुळाला घाट दिसत नाही. कंपास सपाट कागदावरच चालतो.

*

१९३९ आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतले एकच वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहिले. परिवहनाबाबत राज्य सरकारने काय काय लक्षात घ्यावे, त्याची यादी दोन्हींत आहे. रस्ते आणि रेल्वे यांचा मेळ घालणे दोन्हीकडे आहे. रस्ते खराब होऊ न देणे दोन्हीकडे. पण १९३९ च्या यादीत मोटारींमधली न परवडणारी स्पर्धा ‘रोखणे’ आहे, आणि १९८८ च्या कायद्याच्या आजच्या यादीत वाहतूकदारांमधली परिणामकारक स्पर्धा ‘वाढवणे’.

इतक्या वर्षांत सरकार रोखण्याकडून वाढवण्याकडे आले. घाटावरच्या वाचकाला दोन्ही वाक्ये सारखीच परकी वाटतील.

*

राज्यघटनेची वाटणी : रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे, बाकीचे रस्ते राज्याकडे, वाहनावरचा कर राज्याकडे, मोटार वाहनांचा कायदा दोघांच्या सामाईक यादीत. एकत्र कुटुंबात शेत एकाच्या नावावर, विहीर दुसऱ्याच्या आणि मोटारपंपाचे बिल दोघांच्या नावावर असते, तसे. ‘समन्वय’ हा शब्द प्रत्येक अहवालात का येतो ते यावरून कळते.

*

खामगावच्या एका जुन्या अडत्याच्या गादीवर बसलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, आठवण धारदार.

“काका, रेल्वे का सोडली?”

“आम्ही कायले सोडतो? वाघीण मिळेच ना.” मग सांगू लागले. वाघिणीसाठी मालबाबूकडे मागणी नोंदवायची. मग वाट बघायची. सैन्याचा माल आधी, रेशनचे धान्य आधी, सरकारी कामाचा माल आधी. व्यापाऱ्याचा नंबर शेवटी. “सीझनमधी रुई पडून राहे आन् वाघीण येई मृगात. तवा रुई पाठवू का छत्री?”

प्राधान्याचा तो क्रम अन्यायाचा म्हणता येणार नाही. टंचाईच्या काळात धान्य आधी जायलाच हवे. पण एक मात्र झाले : ट्रकचे परवाने आखडून जो माल रेल्वेसाठी राखला, त्याच मालाला रेल्वेने रांगेत शेवटी उभे केले. दार लावून घ्यायचे आणि पान वाढायचे नाही, हा कुठला पाहुणचार?

*

रेल्वेचे दर अन्यायाचे वाटले तर दाद मागायला लवाद होता. रेल्वे रेट्स ट्रिब्युनल. मद्रासला. खामगावच्या व्यापाऱ्याने वकील घेऊन मद्रासला जायचे, अर्थात रेल्वेनेच. २०१७ मध्ये तो लवाद रेल्वे दावा लवादात विलीन झाला. त्याच वर्षापासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही बंद झाला. १९२४ पासून चालत आलेली प्रथा होती ती. दोन्हींपैकी कशाचीही चर्चा बाजार समितीच्या आवारात ऐकू आली नाही. तिथे कोणी रेल्वेचा दर विचारतच नाही.

*

एक हिशेब. रुईची गाठ १७० किलोची. शंभर गाठी म्हणजे सतरा टन, एक ट्रक. जिनिंगवाला शंभर गाठींचा सौदा करतो, संध्याकाळी गाडी लागते, ताडपत्री पडते, रस्सा आवळला जातो, रात्री गाडी हायवेला.

रेल्वे आता सुटी वाघीण सहसा घेत नाही. १९८० च्या दशकापासून तिचा कल पूर्ण रेककडे, म्हणजे अख्ख्या मालगाडीकडे : एका ठिकाणी भरा, एका ठिकाणी खाली करा. बंद वाघिणींचा रेक सुमारे अडीच हजार टनांचा. १७० ने भागा. साडेचौदा हजारांच्या वर गाठी. एकाच वेळी, एकाच मालधक्क्यावर, एकाच गावाला जाणाऱ्या, आणि दिलेल्या तासांत भरून झाल्या नाहीत तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चालू. वीस वाघिणींचा मिनी रेक असतो, पण तोही लहान जिनिंगच्या आवाक्यातला नाही.

म्हणजे स्पर्धा एक ट्रक विरुद्ध एक वाघीण अशी नाहीच. ती एक ट्रक विरुद्ध दीडशे ट्रक अशी आहे. दीडशे ट्रकांचा माल ज्याच्याकडे एका दिवसात जमतो, त्याच्यासाठी रेल्वे स्वस्त. कोळसा, सिमेंट, खत, एफसीआयचे धान्य. बाकीच्यांना ती फक्त फाटकापाशी भेटते.

*

‘बिझी सीझन सरचार्ज’ असा एक प्रकार रेल्वेने बरीच वर्षे वापरला. ऑक्टोबर ते जून गर्दीचा हंगाम, त्यात भाडे चढे, पावसाळ्यात सूट. कापूस वेचायला येतो दिवाळीच्या सुमारास. सोयाबीन त्याच्या आधी. म्हणजे वऱ्हाडच्या शेतातून विकायला काही निघत नाही तेव्हा रेल्वे स्वस्त.

*

कागद दोन. रेल्वेचा आरआर, म्हणजे रेल्वेची मालपावती, आणि ट्रकची बिल्टी. आरआर छापील, क्रमांकाचा, मागे नियमांचे बारीक टाईप. बिल्टी पातळ कागदावर, वर कुठल्या तरी देवाचे नाव, खाली ‘माल मालकाच्या जोखमीवर’.

बिल्टीमागचा कायदा १८६५ चा होता, कॅरियर्स अॅक्ट. रेल्वे खामगावला पोचण्याआधीचा, बैलगाडीच्या काळातला! तो २००७ मध्ये बदलला. नव्या कायद्याने माल स्वीकारणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांना नोंदणी आली, जबाबदारीची व्याख्या आली. तरीही माझ्या समोर बसलेल्या व्यापाऱ्याचा भरवसा ना आरआरवर ना कायद्यावर. “ड्रायव्हरचा नंबर हाय न मोबाइलमधी,” तो म्हणाला. मालगाडीच्या लोको पायलटचा नंबर कोणाच्या मोबाइलमध्ये असतो?

*

शेगावचा फलाट. गुरुवार. गजानन महाराजांच्या दर्शनाची गर्दी, पिठलं-भाकरीच्या गोष्टी, डब्यांचा आवाज. मधल्या रुळांवरून कोळशाची मालगाडी धडधडत गेली, पश्चिमेच्या वीजकेंद्रांकडे. पोरे वाघिणी मोजत होती, मधेच चुकली, पुन्हा एकपासून सुरू.

तिकिटावर बरीच वर्षे छापून येत होते की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी सत्तावन्न टक्केच रेल्वे वसूल करते. उरलेले कोण भरते? ती कोळशाची गाडी भरते. मालाचे भाडे चढे ठेवायचे आणि त्यातून प्रवाशाचे तिकीट उतरवायचे, ही रेल्वेची जुनी रीत. वारकरी स्वस्तात शेगावला येतो हे चांगलेच आहे. पण जो माल कोळशासारखा बांधलेला नाही, ज्याला रस्ता मोकळा आहे, तो हे ओझे कशाला वाहील? तो उठला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

१९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीचा सुमारे ८९ टक्के वाटा रेल्वेचा होता. आज तो तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे. परवाने, वर्तुळे, हरकती, सगळे रेल्वेच्या बाजूने असताना ही घसरण सुरू झाली, हे विसरू नये.

*

ट्रकला अडवण्याची जागा बदलत गेली. आधी गावाच्या वेशीवर जकात नाका : रांग, पावती, ‘चहापाणी’. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली. मग विक्रीकराचे, परवान्याचे, वजनाचे नाके. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, आणि २०१८ पासून ई-वे बिल.

ई-वे बिलाला मुदत असते. साध्या मालाला दोनशे किलोमीटरमागे एक दिवस. २०२१ च्या आधी शंभराला एक होता. खामगाव ते भिवंडी पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीन दिवस. नाक्यावरच्या बाबूला दोन गोष्टी सांगता येत, हात जोडता येत. घड्याळाला हात जोडता येत नाहीत. चिखलीचा एक एमएच-२८ वाला म्हणाला, “पहिले सरकार रस्त्यात भेटे. आता खिशात ऱ्हायते.”

*

जुलै २०१८. केंद्राने ट्रकची अधिकृत वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून साडेअठरा. कागदावर सगळ्यांचे भले. एका फेरीत जास्त माल, डिझेल तेवढेच.

मग बाजारात काय झाले? माल तेवढाच, गाड्यांची ताकद वाढली, भाडे उतरले. ज्याच्याकडे चाळीस गाड्या त्याने सोसले. ज्याच्याकडे एक, आणि तीही हप्त्यावर, त्याचा हप्ता तसाच राहिला. देशातले बहुतेक ट्रक अशाच एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांचे आहेत. ‘ट्रक उद्योग’ म्हटले की डोळ्यांपुढे मोठी कंपनी येते. प्रत्यक्षात तो उद्योग म्हणजे एका माणसाची रात्रपाळी.

*

झोपेचा हिशेब कोणत्या दरपत्रकात असतो?

लोको पायलट कामावर येताना सही करतो, उतरताना सही करतो, आणि मधल्या तासांना नियम आहे. मोटार कामगारांसाठीही १९६१ मध्ये कायदा झाला : दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यासाठी होता. मोटार वाहन कायद्याने तेच तास सगळ्या व्यापारी गाड्यांच्या ड्रायव्हरांना लावले खरे. परंतु एका गाडीच्या मालकाचा हजेरीपट कोण ठेवणार? मालक आणि ड्रायव्हर तोच असला तर कोणी कोणाची सही घ्यायची?

ट्रक रेल्वेपेक्षा लवकर पोचतो तो कशामुळे, याची कारणे अहवालांत दिलेली असतात : दारापासून दारापर्यंत, लवचीकपणा, वेळ. एक कारण लिहिलेले मला सापडले नाही. तो झोपत नाही.

*

जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस. नव्या न्याय संहितेतल्या कलम १०६(२) विरुद्ध ड्रायव्हरांनी चाके थांबवली. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. राज्यभर पंपांवर रांगा. दुसऱ्या रात्री केंद्राने चर्चा करून सांगितले की संघटनांशी बोलल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही.

दोन दिवसांत सगळ्यांना कळले की पेट्रोल पंपावर उगवत नाही. घाटावर ते जरा लवकर कळले.

*

किसान रेल. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली सुटली. फळे, भाजी, आणि पुढे भाड्यात पन्नास टक्के सवलत. चांगली कल्पना : कमी माल असला तरी घेणारी, वेळापत्रकावर धावणारी मालगाडी. मनमाड, जळगाव, भुसावळ करत आली आणि भुसावळला डावीकडे वळून बऱ्हाणपूरला गेली. मलकापूर तिथून पन्नासेक किलोमीटर. दारावरून वरात गेली तरी माणूस खिडकी उघडतो. ही तर गल्लीच्या तोंडावरूनच वळली.

*

डिसेंबर १९४३. महायुद्ध चालू असताना देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा केला. पिकत्या मुलखात कुठलेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असा त्यांचा मानस. रेल्वेवाल्यांना पंचाहत्तर मैलांचे वर्तुळ हवे होते, रस्तेवाल्यांना पाच मैलांचे. एकाचा हेतू अडवण्याचा, दुसऱ्याचा पोचवण्याचा. दोन वर्षांच्या अंतराने, एकाच सरकारच्या दोन टेबलांवर.

घाटावरच्या माणसाला जे काही मिळाले ते पाच मैलांच्या वर्तुळातून.

*

समृद्धी महामार्ग घाटावरून गेला. मेहकर, सिंदखेडराजा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे. ७०१ किलोमीटर. घाटाखालच्या शेठाचा तोरा दीडशे वर्षांत पहिल्यांदा थोडा उतरला. मेहकरचा माल मुंबईला निघताना आता त्याच्या दारावरून जात नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा-भुसावळ तिसऱ्या-चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. ३१४ किलोमीटर. म्हणजे खाली आणखी दोन रूळमार्ग.

आणि वर? खामगाव-जालना. देऊळगाव राजा, चिखली जोडणारा, मध्य रेल्वेला मराठवाड्याच्या रुळांशी जुळवणारा, अंदाजे दीडशे-एकशे साठ किलोमीटरचा मार्ग. मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. सर्वेक्षणे झाली, आंदोलने झाली, निम्मा खर्च उचलायची तयारी राज्याने दाखवली. रूळ नाही.

मी हे लिहिताना रेल्वेचा कैवार घेतोय असे वाटेल. घेत नाही. रेल्वे आली की खामगावचा जिनिंगवाला उद्या साडेचौदा हजार गाठी जमवणार आहे असेही नाही. पण सरकारला नियम करायला दोन गडी लागतात. घाटाखाली दोघे होते, तिथे सरकारने एकाचे हात बांधले. घाटावर एकच होता, तिथे त्याचेही बांधले, आणि दुसरा आणायचे राहून गेले. नव्वद वर्षे ‘स्पर्धेचे नियमन’ चालले आहे; निम्म्या जिल्ह्याला अजून स्पर्धाच मिळालेली नाही.

*

चिखलीच्या बाहेर, ट्रक उभे राहतात तिथली चहाटपरी. एक गाडी सोयाबीन भरून जालन्याकडे निघालेली. ड्रायव्हर म्हणजे मालकच. टायरवर हात मारून बघत होता.

विचारले, “भाऊ, इथून रेल्वे झाली तर तुमचं भाडं पडंल ना?”

त्याने चहाचा ग्लास बोनेटवर ठेवला. “माझ्या आज्यापासून आयकतो, येनार हाय, येनार हाय. येऊ तं द्या. मंग बसू हिशेबाले, भाडं कमी करायचं का गाडी इकायची.”

चढून बसला, हॉर्न दिला. घाट उतरायचा नव्हता, तरी ब्रेक दाबून पाहिला. सवय.